समोरच्याचा उजवा

ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दारावरची बेल ऐकू येत नाही म्हणून तू दाराला आतून ताट टांगून ठेवलंस, ताट पडलं तेही तुला ऐकू आलं नाही, आणि शेजारीण मात्र धावत आली, हे वाचून हसावं की रडावं कळेना. शाळेत कवायतीची बाई म्हणून जन्मभर शिट्ट्या फुंकल्यास, कान बिचारे किती सोसणार? आमच्या इथल्या कानाच्या डॉक्टरांनी सत्तावीस तारखेच्या पुढची कुठलीही वेळ देतो म्हटलंय. यंत्र बसवून घे आता. हट्ट पुरे.

तू खोदून विचारतेस म्हणून सांगते. तुझ्या निरोप समारंभाला आम्ही आलो नाही, गाडी बिघडली असं मी कळवलं, ते खोटं. गाडी ठणठणीत होती. तुझ्या गावाच्या अलीकडे तो फाटा येतो ना, तिथे मी डावीकडे म्हटलं. पाटीवरचा बाण उजवीकडे होता. आता हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. छापलेलं ते खरं आणि शिक्का मारलेलं ते त्याहून खरं. वळले उजवीकडे, आणि आम्ही थेट दगडाच्या खाणीच्या फाटकाशी. तिथला रखवालदार हसत सुटला, म्हणाला की ती पाटी वाऱ्याने फिरलीय, रोज दोन-तीन गाड्या येतात. मी काही बोलणार एवढ्यात हेच मला म्हणाले की तुला डावं-उजवं कधी कळलंय, तुझ्या ताईनेच लग्नात सांगितलं होतं.

ताई, तिकडे पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या आणि इकडे मी फाटकाशी रडतेय. त्याच जागी ठरवलं, ह्यांच्या गाडीत रस्त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढायचं नाही आणि पुढच्या सीटवर बसायचं नाही. तेव्हापासून मी मागे बसते. परवा चौकात एका गृहस्थांनी हात करून गाडी थांबवली आणि स्टेशनला किती घेणार म्हणून ह्यांना विचारलं.

यावर ह्यांनी काय करावं? माफी मागावी? नाव नको. ह्यांनी जीपीएस घ्यायचं ठरवलं. हे सगळं फोनमध्ये फुकट मिळतं असं दुकानदार सांगत होता, पण एका यंत्राने एकच काम करावं, तराजूने वेळ सांगू नये, असा ह्यांचा बाणा. त्या दुकानदाराचे वजनकाटे हेच तपासायचे, त्यामुळे तो अजून ह्यांना बघून घाबरतो. त्याने तीन यंत्रं चाचणीसाठी म्हणून घरी देऊन टाकली. आता गाडीच्या काचेला तिन्ही चिकटवली आहेत आणि तिन्ही एकदम बोलतात. एक म्हणतं वळा, दुसरं म्हणतं सरळ, तिसरं म्हणतं मार्ग पुन्हा शोधत आहे. मधे हे, मान खाली घालून सगळं वहीत टिपून घेतात. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात ते वेगळंच.

मी हसते, पण आतून हसत नाही. माझं दुरुस्तीचं शिवणकाम आहे, हातातलं सोडून मी इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसले, इथून वळा तिथून वळा सांगितलं. तेच जर खोक्यात घालून दुकानात मिळत असेल, तर मी कोण? आणि खरं सांगू का, फाट्यावर डावीकडे म्हटलं तेव्हा माझी मलाच खात्री नव्हती. लहानपणापासून सगळे म्हणत आलेत, तेव्हा मलाच कळत नसेल असं मनात बसलंय.

असो. कानांचं मनावर घे. लोभ आहे तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताई यांचे सेवेशी,
सा. न. वि. वि.

विषय : वाहनात बसवायच्या मार्गदर्शक यंत्राची निवड.

विषय घातल्याशिवाय मला पत्र सुचत नाही, याबद्दल क्षमा असावी. फोनवर आपल्याला ऐकू येत नाही म्हणून लेखी कळवतो. हे पत्र कृपया तिच्या कानावर जाऊ नये.

उपरोक्त तीन यंत्रांची चाचणी मी घर ते भाजी बाजार या परिचयाच्या रस्त्यावर घेतली. पहिल्याने मला कालव्याच्या कडेने नेलं. तिथे रस्ता होता, हे मान्य करायला हवं, पण तो म्हशींचा होता. दुसरं गल्लीच्या तोंडाशी पोचताच गप्प झालं आणि विचारात पडल्यासारखं बाजारापर्यंत गप्पच राहिलं. तिसऱ्याने स्मशानाच्या फाटकासमोर मला अभिनंदनपूर्वक कळवलं की आपण आपल्या मुक्कामी पोचला आहात. माहिती चुकीची म्हणता येणार नाही, फक्त घाईची होती.

अडचण अशी की कुठलंही माप तपासायचं तर प्रमाण लागतं. आमच्या कचेरीत मखमलीच्या पेटीत प्रमाण वजन असे. त्याला हात लावायचा तरी हातमोजे घालून. त्याच्याशी ताडून बाजारातली बाकी वजनं खरी की खोटी ते ठरवायचं. रस्त्याला असं प्रमाण कुठून आणावं? तीन यंत्रं तीन दिशा दाखवतात आणि मी चौकात मधोमध उभा. मागच्या सीटवरून काही सूचना येईल म्हणून मी आरशात बघतो. तिथे ती एखाद्या पँटची शिवण उसवत बसलेली असते.

दुसरी अडचण आवाजाची. गाडी चालवताना माझा लांबचा चष्मा असतो, त्यामुळे यंत्राचा पडदा मला धुरकट दिसतो. सगळी भिस्त कानांवर. परंतु यंत्रातल्या बाई फार अदबीने बोलतात. कृपया, शक्य असल्यास, पुढील वळणावर. शक्य असल्यास म्हटलं की मला काही करावंसंच वाटत नाही. इतकी वर्षं मला ज्या सुरात सांगितलं गेलं, तो सूर वेगळा होता. थोडा वरचा, थोडा चिडका, पण वेळेवर.

मधल्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्रात आपल्या पसंतीचा आवाज भरून घेण्याची सोय आहे. पडद्यावर बाणाचं चित्र येतं, ते बघून सूचना बोलायची. तिला हे सांगण्याची माझी छाती नाही. आपला आणि तिचा आवाज घराण्याने एकच आहे, जोर आपला अधिक. तरी आपण यंत्रात सूचना भरून द्याल का? यंत्र वेगळ्या पार्सलने पाठवत आहे.

आणखी एक नोंद. गाडीत हल्ली फार शांत असतं. ते मोजायचं माप आमच्या खात्यात नव्हतं, पण ते वजनाला भारी आहे एवढं नक्की.

आपला लोभ आहे तो असाच पुरेपूर मापाचा असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचा नवरा


ता. १५ फेब्रुवारी

श्री. भावोजी यांस,
नमस्कार वि. वि.

तुमचं यंत्र पोचलं. कापसात आणि वर्तमानपत्रात इतकं गुंडाळलं होतंत की मला वाटलं अंडी पाठवलीत. सोबतचं माहितीपत्रक वाचलं. त्यात बारीक अक्षरात फक्त न करण्याच्या गोष्टी लिहिल्या आहेत.

तरी काम केलं. बसून आज्ञा देणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणून बाहेरच्या खोलीत यंत्राला स्टुलावर नीट उभं केलं, मी चार पावलांवर समोर उभी राहिले, गळ्यात शिट्टी घातली. पडद्यावर बाण आला की मी हात काढून दाखवायचे आणि आज्ञा द्यायचे. सुरुवातीला सावधान, शेवटी विश्राम, मधे वळणं. मागे वळ म्हणताना आवाज जरा जास्तच लागला, खिडकीची काच थरथरली. रस्त्याने आमचा पोस्टमन चालला होता, माझाच जुना विद्यार्थी. तो माझ्या आवाजासरशी थांबला, वळला आणि शेजारणीच्या फुलझाडांत शिरला. पत्रं तिथेच टाकून गेला. यंत्राने मात्र एकदाही गडबड केली नाही. तिसरी ब पेक्षा बरं म्हणायचं. आत काय भरलं गेलं ते मला ऐकू आलं नाही, पण मी बोलले म्हणजे ते बरोबरच असणार.

आता एक विचारते. ज्या घरात तिचा आवाज आहे त्या घरात माझा कशाला मागवता? उत्तर लिहू नका, तुम्हाला माहीत आहे. खाणीपाशी जे बोललात ते ती विसरलेली नाही. निरीक्षक म्हणून दुसऱ्याच्या काट्यातली चूक तुम्हाला लांबून दिसायची. स्वतःच्या जिभेचं वजन एकदा घरी कुणाकडून तरी करून घ्या.

तुमच्या पत्रांना यापुढे विषय घालू नका. मला कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटतं. लोभ ठेवालच, न ठेवून जाता कुठे.

तुमची मेहुणी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा हसायला. मागच्या सीटवर बसतेस ते आधी बंद कर. माझ्या खुर्च्यांचं म्हणशील तर भाषणं मला ऐकूच येत नव्हती, तेव्हा सगळा वेळ मी त्या दोन खुर्च्यांकडेच बघत होते. रागाने नाही. नुसतंच.

खरं सांगू का, डाव्या-उजव्याचा तुझा घोटाळा जुनाच. मला शाळेत लागून तीन-चार वर्षं झाली होती, तू दुसरीत. हात धरून तुला शाळेत न्यायचे. कोपरा आला की मी तुला आधीच सांगायचे, आता उजवीकडे, आता डावीकडे. आणि तू नेमकी उलटी वळून माझ्यावर येऊन आदळायचीस. दर कोपऱ्यावर! शाळेत पोचेपर्यंत तुझ्या वेण्या सुटलेल्या आणि माझी साडी विस्कटलेली. मग तू गोंधळून जागच्या जागी गरागरा फिरायचीस. तेव्हापासून तू भिंगरी झालीस, लग्नात मी तेवढंच सांगितलं. यात रागवण्यासारखं काय आहे?

कानाचं यंत्र बसवायला मी येईन, पण एक अट आहे. तुम्ही दोघांनी मला घ्यायला यायचं, आणि दोघांनी पुढे बसून. ती पुढे बसलेली दिसली नाही तर मी दार उघडणार नाही. बेल ऐकू येत नाही हे निमित्त आहेच.

लोभ ठेव, आणि पाठ ताठ.

तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तूसुद्धा?

काल दुपारी मी एका गृहस्थांच्या कोटाची बाही आखूड करत होते. आतल्या खोलीतून एकदम तुझा आवाज आला, सावधान! सुई बोटात घुसली. मी उठून उभी राहिले, हात आपोआप मांडीला चिकटले. कोटाचे मालक समोर बसले होते, तेही उभे राहिले. आत जाऊन बघते तर हे त्या मधल्या यंत्रापुढे हात जोडून बसलेले, आणि तू त्यातून ओरडतेयस.

ह्यांना माझ्या जागी आधी खोकं चालत होतं. आता खोक्यात माझी बहीण चालते. म्हणजे सगळं जग चालतं, मी सोडून. तू हो म्हणालीस याचं मला जास्त लागलंय, हे लपवून ठेवत नाही.

तुझ्या कानांसाठी म्हणून सत्तावीसला येईन. पण मागे बसूनच. तू दार उघडू नकोस, मी पायरीवर बसून राहीन, माझ्याकडे उसवायला पुष्कळ आहे.

लोभाचं काय लिहू, तो तुझ्या आवाजाबरोबर पार्सलने येऊन पडला आहे.

तुझी,
(सही करायचीसुद्धा इच्छा नाही)


ता. ३ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला घरी सोडून आम्ही सुखरूप पोचलो. तुला सोडायला येताना वाटेत तू सारखी विचारत होतीस की यंत्र काही म्हटलं की मी लगेच उलट का बोलते. पत्राने कळवीन म्हटलं होतं, ते हे. तुला घ्यायला आलो त्या दिवशीही दारात आम्ही दोघं पायरीवर बसून पोट धरून हसत होतो, तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं, आणि तुला वाटलं मी रडतेय. तसं थोडं रडतही होते.

तर सत्तावीसला सकाळी निघालो. मी मागे, हे पुढे, आणि काचेवर, बाकीची दोन बंद करून, तू. तू सावधान म्हणालीस. ह्यांनी पाठ ताठ केली. गल्लीच्या टोकाला तू उजवीकडे वळ म्हणून अशी ओरडलीस की समोरच्या घरातलं मूल जागं झालं. हे उजवीकडे वळले. तू जरा विचार केलास आणि पुन्हा म्हणालीस, उजवीकडे वळ. वळले. मग पुन्हा. मग पुन्हा. आम्ही परत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी.

हे म्हणाले की काहीतरी कारण असेल, ताई उगाच बोलणार नाहीत. पुन्हा निघालो. ताई, चौकातल्या न्हाव्याच्या दुकानावरून आम्ही किती वेळा गेलो म्हणून सांगू! आधी न्हाव्याने हात केला. मग तो दारात येऊन उभा राहिला. मग त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला साबण, तेही बाहेर आलं. पुढच्या खेपेला त्यांनी आमच्यासाठी वाहतूक थांबवून धरली होती. मधूनच तू मागे वळ म्हणायचीस, की आम्ही त्याच दुकानावरून उलट्या दिशेने. ह्यांच्या कपाळावर घाम, पण हुकूम मोडायचा नाही. मी तोंडात पदर कोंबून मागे बसलेली. बोलायचं नाही हे ठरलेलं ना.

आणि मग, काय झालं सांगू, एका कोपऱ्यावर तू डावीकडे म्हणालीस आणि माझं अंग आपोआप चोरलं गेलं. कुणीतरी आता आपल्यावर आदळणार, असं. दुसरीत होते तेव्हा दर कोपऱ्यावर व्हायचं तसंच. त्या क्षणी मला ते सगळं दिसलं. शाळेचा रस्ता, तुझा हात, तू उजवीकडे म्हणतेस आणि चालू पडतेस डावीकडे! मी तर तुझ्या शब्दाप्रमाणे वळत होते. उलटी तू वळत होतीस.

मी मागून ओरडले की अहो, ताई समोर उभी आहे!

ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. रस्त्यात खरंच तू उभी आहेस असं वाटून हे खाली उतरून गाडीपुढे बघून आले. मग मी सांगितलं. ताई नेहमी मुलांसमोर उभी राहते. तिचा डावा हात तो मुलांचा उजवा. इतकी वर्षं तिने तो हात काढून उजवा म्हटलं, आता तिला तोच उजवा झालाय. यंत्रालाही तिने तसंच समोर उभं केलं असणार. बाण तिच्या डाव्या हाताला दिसला की ती म्हणणार उजवीकडे, कारण तो समोरच्याचा उजवा. सगळी वळणं उलटी भरली आहेत.

हे रस्त्यातच उभे. निरीक्षक ना, लगेच पटवून घ्यायचं नाही. गाडीत बसले, खिशातून जवळचा चष्मा काढून घातला, पडद्यावरचा बाण बघितला, मग तुझं बोलणं ऐकलं. तीन वळणांवर ताडून पाहिलं. बाण एकीकडे, तू दुसरीकडे. मग ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडून उभे राहिले. मी उतरले आणि पुढे जाऊन बसले, कारण तुझं भाषांतर मागून करता येत नव्हतं. न्हाव्याने टाळ्या वाजवल्या.

मग छान चाललं. तू उजवीकडे म्हणायचीस, मी डावीकडे म्हणायचे, हे वळायचे. तो फाटा दिसायला लागला. पाटी अजून तशीच फिरलेली, बाण खाणीकडे. तू सावधान म्हणालीस. आणि ह्यांनी हात पुढे करून तुला बंद केलं. ह्यांनी मला विचारलं की इथून कुठे.

मी शिवण मांडीवर ठेवली. मग मी डावीकडे म्हटलं, आणि माझं बोटही डावीकडेच होतं, मी बघून घेतलं. पाटीकडे न बघता हे डावीकडे वळले. थोडं पुढे गेल्यावर समोर बघत म्हणाले की तेव्हाही तू डावीकडेच म्हणाली होतीस, आणि मी तुला लागेल असं बोललो, माझं चुकलं. मी शिवण हातात घेतली ती उलटी होती, पण तशीच टाके घालत बसले.

तुझ्यावर माझा राग राहिलेला नाही. तूच मला आयुष्यभर भिंगरी केलंस आणि तूच त्यातून सोडवलंस, तेही स्टुलावरच्या यंत्रातून. लोभ आता दुहेरी टाक्याने पक्का केला आहे, खुशाल ओढून बघ.

तुझी,
भिंगरी (आता हे नाव मी हौसेने लावते)


ता. ५ मार्च

ती. ताई यांचे सेवेशी,
सा. न. वि. वि.

विषय घालू नका म्हणालात म्हणून घातलेला नाही. त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते सुचायला सकाळ गेली.

पहिलं आणि तिसरं यंत्र दुकानदाराला परत केलं. दुसरं ठेवून घेतलं. त्याने विचारलं की साहेब, ह्यातलं सगळ्यात बरोबर कुठलं निघालं? मी सांगितलं, ठेवून घेतोय ते सगळ्यात चुकीचं आहे. डावं-उजवं सरसकट उलटं सांगतं. तो बिचारा पांढरा पडला. त्याला वाटलं मी त्याच्यावर खटला भरणार. नवीन देतो, आवाज पुसून देतो, म्हणून मागे लागला. मी नको म्हटलं.

आपणास ठाऊक आहे, मी नोकरीत एकाही खोट्या काट्याला शिक्का दिला नाही. माझ्या सख्ख्या मामेभावाच्या दुकानातला काटासुद्धा जप्त केला, तो अजून बोलत नाही. निवृत्तीच्या वेळी शिशावर उमटवायचा जुना, बाद झालेला शिक्का आठवण म्हणून कचेरीने मला दिला होता. काल मी त्या यंत्राला तार बांधली आणि शिसं ओतून त्यावर तो शिक्का उमटवला. आता आतला आवाज कुणी बदलू शकणार नाही. खोटं दाखवणाऱ्या यंत्रावर आयुष्यात पहिल्यांदा शिक्का मारला, आणि झोप उत्तम लागली.

कारण कळवणं भाग आहे. हे यंत्र बरोबर असतं तर शेजारी कुणी नसतं तरी चाललं असतं. ते उलटं असल्यामुळे शेजारच्या सीटवर ती असल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर पडू शकत नाही. मी रस्त्यासाठी प्रमाण शोधत बाजारभर हिंडत होतो. ते माझ्या गाडीत मागे बसून पँट उसवत होतं. हे तिला मी तोंडी सांगितलं. तिने इतकंच विचारलं की मग मला हातमोजे घालून हात लावणार का. मला बरं वाटलं.

आपल्याला यंत्रात उलटं भरायला लावल्याचा दोष माझा आहे. आपण ते बदलण्याचा आग्रह धरू नये, ही नम्र विनंती.

आपला लोभ आहे तो तपासायची गरज वाटत नाही, तसाच शिक्क्यासकट जपला आहे.

आपला,
मार्गावर असलेला


ता. १० मार्च

चि. भिंगरी आणि श्री. भावोजी यांस,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद, वाटून घ्या.

दोघांची पत्रं एका दिवशी आली. पोस्टमनने बेल वाजवली आणि ती मला ऐकू आली! इतकी दचकले की दार उघडून त्यालाच आज्ञा केली, विश्राम. तो बिचारा पाय फाकवून उभा राहिला.

कानात यंत्र बसल्यापासून कळतंय की जगात किती निरर्थक आवाज आहेत. माझा नळ गळतो. माझी मांजर घोरते. तुमच्या गाडीत बसल्या बसल्या मी तुम्हाला विचारलं होतं ना, की ही कोण बाई कोकलतेय, हिला जरा हळू बोलायला सांगा? तुम्ही दोघं नुसतेच हसलात. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं. मी अशी ओरडते? आणि तुम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलंत?

आता त्या डाव्या-उजव्याबद्दल. पत्र वाचून मी उठले, आरशासमोर उभी राहिले आणि उजवा हात वर कर, असं मोठ्याने म्हटलं. डावा वर गेला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तोच. मग मी खुर्चीत बसले. आधी भीती वाटली की गावातली सगळी माझ्या हाताखालून गेली आहेत, बसचा ड्रायव्हर, रस्त्याचा इंजिनिअर, दात काढणारा डॉक्टर, ही सगळी उलटी शिकली की काय. मग लक्षात आलं, त्यांना धोका नाही. ती सगळी माझ्या समोर उभी होती. समोरच्याला मी बरोबरच शिकवलं. माझ्या शेजारून चालणारी तू एकटीच होतीस, बाळे. तुला मी दर कोपऱ्यावर चुकवलं आणि वर नाव तुझं ठेवलं.

त्या फाट्यावर तुम्ही मला घेऊन परत आलात तेव्हा मी मागच्या सीटवर होते. कान नवे, सगळं लख्ख ऐकू येत होतं. माझा आवाज उजवीकडे ओरडला. पाटीही उजवीकडे म्हणत होती. तू हळूच म्हटलंस, डावीकडे. भावोजींनी मान हलवली आणि वळले. त्यानंतर तुमचं दोघांचं खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरून जे सुरू झालं ते माझ्या दारापर्यंत थांबलं नाही. समारंभातली भाषणं मला ऐकू आली नव्हती, हे मात्र अथपासून इतिपर्यंत ऐकलं. गाडी दाराशी थांबली आणि यंत्र विश्राम म्हणालं. त्या शब्दात डावं-उजवं नाही, म्हणून तेवढा बरोबर आला. तरी तुम्ही दोघं भांडतच होतात, आणि मी उतरायचं सोडून तुमच्या पाठींकडे बघत बसले होते. पहिल्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्या भरलेल्या होत्या.

लोभ असू द्या. मी चुकले, तरी माझ्याच शेजारून चालत राहा.

तुमची,
समोर उभी असलेली,
ताई